मधुमेह असलेल्यांसाठी झटपट नाश्ता: अख्ख्या मुगाचं धिरडं

घरात कुणाला मधुमेह निघाला की आठवड्याच्या आत फडताळात ओट्सचा डबा येतो आणि बहुतेक घरांत महिन्याभराने तो मागे सरकतो. जिभेला सवय नसते, दुसरं काय! हिरव्या मुगाचं धिरडं मात्र आपल्याकडे पूर्वीपासून होतंय. १०० ग्रॅम कोरड्या मुगात साधारण २२ ते २४ ग्रॅम प्रथिनं आणि १६ ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. मुगातला स्टार्च सावकाश पचतो, म्हणून साखर एकदम उसळत नाही आणि अकरा वाजता पोटात कावळेही ओरडत नाहीत. दोघांचा नाश्ता सकाळी अर्ध्या तासाच्या आत होतो, फक्त मूग आदल्या रात्री भिजायला हवेत.

रात्रीचं काम

दोन माणसांसाठी एक वाटी अख्खे हिरवे मूग निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात भिजत घाला. सात-आठ तास पुरतात. उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, बाहेर ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत आंबूस होतं, म्हणून भांडं फ्रीजमध्ये ठेवा. सालं काढायची नाहीत, तंतू मुख्यतः त्यातच असतात.

वाटण

सकाळी पाणी पूर्ण निथळा. मुगात दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चमचाभर जिरं आणि मीठ घालून मिक्सरला लावा. पाणी एकदम ओतू नका. आधी कोरडंच एक-दोनदा फिरवा, मग चमच्या-चमच्याने पाणी घाला. पीठ डोशाच्या पिठापेक्षा दाट आणि किंचित रवाळ ठेवा. गंधासारखं गुळगुळीत वाटलं तर ते लवकर पचतं आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. आंबवायची भानगड नाही, वाटलं की लगेच तव्यावर.

कुरकुरीतपणासाठी बरेच जण मूठभर तांदूळ भिजवताना टाकतात. इथे तो मोह टाळा. पीठ सुटत असेल तर दोन चमचे बेसन घाला, काम भागतं.

आता भाजी. एक मध्यम कांदा बारीक चिरून, वाटीभर किसलेला दुधी किंवा चिरलेला पालक आणि भरपूर कोथिंबीर पिठात मिसळा. दुधीला पाणी सुटतं, तेव्हा किस हलका पिळून घ्या आणि तव्यावर टाकण्याच्या अगदी आधी घाला. नाहीतर पहिलं धिरडं झक्क होतं आणि चौथं तव्यालाच चिकटून बसतं. मेथीही छान लागते, पण सकाळी सकाळी मेथी निवडत बसण्याचा उत्साह असेल तरच.

तव्यावर

बिडाचा तवा असेल तर उत्तम. तो मध्यम आचेवर नीट तापू द्या, अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र करून उडाला की तवा तयार. एक डाव पीठ मध्यभागी घालून डावाच्या बुडाने बाहेरच्या बाजूला गोल फिरवत पसरा. मूग डोशाइतका पातळ पसरत नाही; हात जोरात फिरवला तर मध्ये भोकं पडतात. कडेने अर्धा चमचा तेल सोडा, झाकण ठेवा. दीड-दोन मिनिटांत वरचा ओला रंग बदलतो आणि कडा आपोआप सुटायला लागतात. त्याआधी उलथनं घालू नका. उलटल्यावर दुसरी बाजू मिनिटभर, झाकण न ठेवता.

एवढ्या पिठात सहा-सात धिरडी होतात. माणशी तीन पुरे. मूग चांगले असले तरी ते पोटभर, मोजमाप न ठेवता खाल्ले तर साखर वाढणारच.

मूग भिजवायचे राहिले तर? मुगाची पिवळी डाळ गरम पाण्यात अर्धा तास ठेवून वाटा. तेवढाही वेळ नसेल तर बेसनात ओवा, हळद, कांदा आणि कोथिंबीर घालून तीच धिरडी करा.

सोबत काय

वाटीभर साधं दही आणि जवसाची किंवा कारळाची चटणी. टोमॅटो सॉस नको, त्यात बरीच साखर असते. सगळं नीट जमवून शेवटी दोन चमचे साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेली खारी घेतली तर मुगाने कमावलेलं तिथेच जातं. चहात गूळ टाकूनही सुटका नाही; गूळ बहुतांशी साखरच आहे. चहा बिनसाखरेचा घ्या, आठवडाभर कडू लागेल.

गोळ्या-इन्सुलिनवाल्यांनी हे वाचाच

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि रोजच्या पोहे-उपम्याऐवजी अचानक हा नाश्ता सुरू केला, तर साखर खाली जाऊ शकते. बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा, गोळीचं प्रमाण मनानेच कमी करू नका आणि नाश्ता तर अजिबात चुकवू नका. दरदरून घाम, हाताला थरथर, छातीत धडधड झाली तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डाळी-कडधान्यं किती खायची हे डॉक्टरांनाच विचारावं.

आपल्याला मानवतं का, हे कसं कळेल

घरात ग्लुकोमीटर असेल तर एके दिवशी नेहमीचे पोहे खाण्याआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या एखाद्या दिवशी त्याच वेळी, त्याच औषधांवर धिरडी खाऊन तेच करा. दोन तासांनंतरचा आकडा बहुतेक प्रौढांसाठी १८० च्या आत असावा असं मानतात; तुमचं लक्ष्य डॉक्टरांनी वेगळं दिलं असेल तर ते धरा. पोहे आवडीचे असतील आणि आकडा फार वर जात नसेल तर ते बंद करायचं कारण नाही. पोहे निम्मे करा आणि उरलेल्या जागी मोड आलेली वाफवलेली मटकी, मटार, भाजलेले शेंगदाणे घाला. साबुदाण्याच्या खिचडीला मात्र ही सवलत नाही, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.

उरलेलं पीठ भाजी न घालता झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी चालतं. त्यापुढे आंबट वास येतो.