सातारा हिल हाफ: चढ पळता येतो हो, उतारासाठी पाय कसे राखायचे ते वाचा

आपल्याकडे रनिंगचा सीझन पावसात सुरू होतो. बहुतेकांचा डोळा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर असतो आणि तिच्या साधारण चार महिने आधी, सप्टेंबरात, साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली अर्धी मॅरेथॉन, येते. २०१२ पासून होतेय. अंतर नेहमीच्या हाफचंच, २१.१ किलोमीटर, पण गावातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागून पुढे वळसा मारायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं, म्हणजे जाताना चढ आणि येताना उतार. पहिल्यांदा जाणारा प्रत्येक जण चढाला घाबरतो. मीपण घाबरलेलो, सगळी तयारी चढाचीच केलेली, आणि माझी रेस बिघडली ती उतारावर. यंदा कोणी पहिल्यांदा जाणार असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

झालं असं की चढ छान जमला, वळशाला घड्याळ बघितलं, वेळ बघून इतका आनंद झाला की उतारावर पाय मोकळे सोडले, लांब लांब ढांगा टाकत सुटलो, चार-पाच किलोमीटर तर वाऱ्यावर आहोत असंच वाटत होतं. मग उजव्या मांडीत बारीक थरथर सुरू झाली, मी दुर्लक्ष केलं, आणि दोन वळणांनंतर असा गोळा आला की घाटाच्या कठड्याला धरून उभंच राहावं लागलं. कठडा पावसाने ओला आणि शेवाळलेला, हात सटकत होता, आणि मांडीचा स्नायू कातडीखाली आपोआप उडताना डोळ्यांना दिसत होता. मागून एक काका आले, साठी नक्की उलटलेली, स्वतःची रेस सोडून थांबले आणि म्हणाले, "बसू नका, एकदम ताणूही नका. माझ्या खांद्याला धरा, टाच हळूहळू मागे वर घ्या, श्वास सोडत राहा, सुटलं की आधी चालत निघा." त्यांनी सांगितलं तसं केलं आणि मिनिटभरात गोळा सुटला. ते काका परत कधी भेटले नाहीत, भेटले तर पाया पडेन.

आता हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पटेल. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, त्यात दम लागतो पण स्नायूची मोडतोड कमी होते. उतरताना तोच स्नायू लांब होत असताना ब्रेक लावत असतो, प्रत्येक पावलाला, हजारो वेळा. दम लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय, पण तंतूंना बारीक इजा होत असते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. यात चांगली गोष्ट एकच पण फार मोठी आहे, शरीर हे पटकन शिकतं. एक-दोनदा जरी व्यवस्थित उतार पळालात तरी पुढचे काही आठवडे तेच स्नायू बऱ्यापैकी तयार राहतात. म्हणून उताराचा सराव हा सातारच्या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक जण नेमका तोच करत नाहीत, घाट पळत चढतात आणि खाली मित्राच्या गाडीवर बसून येतात.

पुणेकरांना सिंहगडाचा गाडीरस्ता आहे, बोपदेव घाट आहे, ठाणेकरांना येऊर, मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरी लेण्यांकडे जाणारा रस्ता. कोल्हापूरवाल्यांना पन्हाळा जवळ आहे. जवळ काहीच नसेल तर एखादा लांब फ्लायओव्हर पकडा आणि पहाटे गाड्या नसताना त्याच्यावर वर-खाली करा. रेसच्या सहा आठवडे आधी सुरुवात करायची, दर दहा दिवसांनी एकदा पुरे. पहिल्यांदा दोन किलोमीटर उतार, मग चार, मग सहा, आणि शेवटचा मोठा उतार रेसच्या निदान बारा-चौदा दिवस आधी संपवा, त्यानंतर घाटाचं नाव काढू नका. घाटात समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा, अंधार असेल तर डोक्याला टॉर्च आणि अंगात चमकणारं जॅकेट हवंच, याबाबत आळस नको.

उतरायचं कसं तर पावलं छोटी आणि भरभर. पाय शरीराच्या पुढे लांब पडला की टाच आपटते आणि तोच ब्रेक, पाय कंबरेच्या खालीच पडला पाहिजे. मागे रेलू नका, घोट्यापासून किंचित पुढे झुका, हात जरा मोकळे ठेवा, तोल राहतो. मी घड्याळ बघून अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजायचो, चाळिसाच्या खाली गेला म्हणजे ढांगा लांब झाल्या, चव्वेचाळीस-पंचेचाळीस आला की मांड्यांवरचा भार लगेच कमी झालेला कळायचा. सगळ्यांना हाच आकडा बसेल असं नाही, पण मोजायची सवय लावून घ्या.

बुटांचं थोडक्यात, नवे नकोत, शंभर-दीडशे किलोमीटर पळालेले पण तळ न झिजलेले हवेत. पावसात डांबरी रस्ता फारसा घसरत नाही, घसरतात ते त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, ते टाळत जा. व्हॅसलीन काखेत, जांघेत, पायाच्या बोटांमध्ये भरपूर लावा आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर टेप लावल्याशिवाय निघूच नये, ओला टीशर्ट दोन तास घासला की रक्त येतं आणि ती आग आंघोळीला कळते. बिब नंबर, म्हणजे छातीवरचा रेसचा नंबर, आदल्या रात्रीच टीशर्टला लावून ठेवा, पहाटे गार पावसात आखडलेल्या बोटांनी सेफ्टी पिना लावणं फार त्रासाचं असतं. मोठी कचऱ्याची पिशवी घ्या, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून अंगात घाला, स्टार्टपर्यंत ऊब राहते, मग काढून कचराकुंडीतच टाका, रस्त्यावर नाही.

आदल्या रात्री साधा वरणभात. साताऱ्यात आलोय म्हणून झणझणीत मिसळ आणि कंदी पेढे असं काही करू नका, पेढे परतीच्या वाटेवर घ्या. स्टार्टच्या अडीच-तीन तास आधी तुमच्या सवयीचं काहीतरी, मी दोन केळी आणि ब्रेड-जॅम खातो, सरावातल्या लांब पळण्याच्या दिवशीही तेच खातो म्हणून पोट तक्रार करत नाही. टॉयलेटची रांग लांब असते, वेळेचा हिशेब तसा करा.

रेस सुरू झाली की पहिले दोन-तीन किलोमीटर गावातून आहेत आणि इथेच लोक वाहवत जातात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातारकर उभे, शाळेची मुलं टाळी द्यायला हात पुढे करून, कुठे लेझीम, कुठे ढोल, एक आजी दरवर्षी तेवढ्या पहाटे रांगोळी काढून दारात थाळी वाजवत असतात, मला तर दर वेळी गळ्यात दाटून येतं. टाळ्या सगळ्यांना द्या, पण पेस, म्हणजे पळायचा वेग, वाढवू नका.

समर्थ मंदिर मागे पडलं की चढ सुरू होतो. इथून घड्याळातला पेस बघणं बंद, श्वासावर पळा. मी मनात एक वाक्य ठेवतो, "आज पाऊस थांबेल असं काही वाटत नाही", हे एका दमात बोलता आलं म्हणजे बरोबर चाललंय, "आज पाऊस" एवढ्यावरच तुटलं तर वेग कमी करायचा आणि तरी तुटलं तर चालायचं. चालण्यात काहीही कमीपणा नाही. पाय पूर्ण थकल्यावर चालण्यापेक्षा आधीपासून ठरवून चाला, मी दोनशे पावलं पळत आणि पन्नास चालत असा घाट चढलोय आणि सलग पळणारे कितीतरी जण वरच्या टप्प्यात मागे पडलेले बघितलेत. चालतानाही खांदे पाडू नका, हात हलते ठेवा.

पाण्याचं नीट ऐका, कारण इथे चांगले चांगले चुकतात. गार हवा, धुकं, पाऊस, घाम कमी येतो, आणि लोक मात्र प्रत्येक टेबलावर अख्खी बाटली पितात. गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकं जड, आणि प्रमाणाबाहेर झालं तर जिवावर बेततं. तहान लागेल तेवढंच, दोन-तीन घोट. मध्ये एकदा मिठाचं काहीतरी, ओआरएस किंवा मीठ लावलेलं संत्रं, आणि तासाभराने एक एनर्जी जेल (पळताना खायचं गोड, घट्ट पाकिटातलं) किंवा अर्धं केळं.

वळसा मारला की पहिला एक किलोमीटर मुद्दाम हळू उतरा. सगळे तुम्हाला ओलांडून जातील, जाऊ द्या. मोजा पावलं, छोटी आणि भरभर. जरा मोकळं सुटायचं असेल तर घाट संपायला दोन किलोमीटर उरल्यावर सुटा. वर धुकं दाट असेल तर पुढचा माणूस अचानक थांबतो, टाळी द्यायला किंवा सेल्फीला, त्यामुळे अंतर ठेवून पळा. आणि डोंगराच्या कडेने घड्याळातलं जीपीएस थोडं इकडेतिकडे होतं, रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा.

घाट उतरून गावात आल्यावर रस्ता जवळजवळ सपाट आहे पण पायांना तो चढ वाटतो, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस खचतो. पावलं तशीच छोटी ठेवली की पाच-सात मिनिटांत पाय जुळवून घेतात. वेळेची अपेक्षा ठेवताना तुमच्या सपाट रस्त्यावरच्या हाफमध्ये निदान दहा-पंधरा मिनिटं मिळवा. माझी सपाट हाफ २ तास ८ मिनिटांची, तिसऱ्या वर्षी सातारा २ तास २१ मिनिटांत झाली, गोळा न येता, आणि ती मला माझ्या सगळ्यात भारी रेसेसपैकी एक वाटते.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, ओले कपडे बदला, ते मात्र अगदी पहिल्यांदा, थंडी वाजायला लागली की उशीर झालेला असतो. सुका टीशर्ट, टॉवेल आणि चपला बॅगेत असू द्या. पुण्याला गाडीने परतणार असाल तर खंबाटकीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी उतरून पाय मोकळे करा, दोन तास एका जागी बसलात तर घरी गाडीतून उतरायला कोणाचा तरी हात लागेल. रेस रविवारी असते, म्हणून मंगळवारी दुखणं सगळ्यात जास्त असेल, त्यात पेनकिलर घेऊन पळायला जाऊ नका. जिना उतरून बघा, कठडा न धरता आणि तिरकं न होता उतरता आलं त्या दिवसापासून सावकाश पळायला सुरुवात करा, मला त्याला दर वेळी पाच-सहा दिवस लागलेत.