मीटर नंतर, आधी स्ट्रिप्सचा हिशेब

मी नोकरीची तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. कोणता माल किती दिवस टिकतो, किती शिल्लक राहिला की पुढची मागणी टाकायची, हे माझ्या अंगात मुरलेलं. तरी टाइप २ डायबेटिस निघाला तेव्हा घरी रक्तातली साखर मोजायचं मीटर (ग्लुकोमीटर) घेताना मी यातलं काहीच पाहिलं नाही. दिसायला सुबक होतं, घेतलं. वर्षभरात त्याच्या स्ट्रिप्स, म्हणजे रक्ताचा थेंब लावायच्या, एकदाच वापरायच्या पट्ट्या, मिळेनाशा झाल्या. मीटर ठणठणीत, पण घालायला स्ट्रिप नाही. म्हणून नव्याने निदान झालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: मीटर एकदा घ्यायचं असतं, स्ट्रिप्स कायम लागतात. आधी स्ट्रिप्स बघा.

एका कंपनीची स्ट्रिप दुसरीच्या मीटरला चालत नाही, आणि पुष्कळदा त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेललाही नाही. तेव्हा दोन-तीन मेडिकलमध्ये जाऊन सरळ विचारा, "कोणत्या स्ट्रिप्स तुमच्याकडे बारा महिने असतात?" विमा किंवा सरकारी योजनेतून साहित्य मिळणार असेल, तर त्यांच्या यादीत कोणतं मीटर बसतं ते आधी विचारून घ्या. या दोन उत्तरांत जे नाव सारखं येईल, ते मीटर घ्या. खोक्यावर आयएसओ १५१९७:२०१३ हे मानक लिहिलंय का तेही पाहा. त्याप्रमाणे साखर १०० (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त असेल तर १०० पैकी निदान ९५ वेळा मीटरचा आकडा लॅबच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत हवा. म्हणजे लॅबमध्ये २०० आले आणि मीटरने १७५ दाखवले, तर मीटर बिघडलेलं नाही. १०० च्या खाली हा फरक १५ अंकांपर्यंत चालतो.

आता किती स्ट्रिप्स लागतील. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, कारण उत्तर औषधावर अवलंबून आहे. इन्सुलिन चालू असेल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या असतील, तर साखर एकदम खाली जाऊ शकते आणि तपासणी जास्त वेळा लागते. फक्त मेटफॉर्मिन असेल तर रोज बोट टोचायची बहुधा गरज नसते. दोन-तीन महिन्यांची सरासरी एचबीएवनसी या लॅबमधल्या रक्ततपासणीतून कळतेच. मला जोडीने तपासणं सगळ्यात उपयोगी पडलं: जेवणाआधी एकदा, जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी एकदा. सुटा आकडा फारसं बोलत नाही, जोडी बोलते. मी आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला दोन जोड्या तपासतो. आठवड्याला ८ स्ट्रिप्स झाल्या, म्हणजे ५० ची डबी साधारण सहा आठवडे पुरते. रक्त कमी पडून एखादी वाया जातेच, तीही धरून चाला.

हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यायला हवा. माझं साहित्य एकदा अडलं ते यासाठीच. चिठ्ठीवर "गरजेप्रमाणे" एवढंच लिहिलेलं होतं, आणि काउंटरवर त्याचा हिशेब कुणालाच लावता येईना. तेव्हापासून मी डॉक्टरांसमोर बसून लिहून घेतो: मीटर आणि स्ट्रिपचं पूर्ण नाव, दिवसातून किंवा आठवड्यातून किती वेळा, इन्सुलिन चालू आहे की नाही, किती महिन्यांसाठी. बोट टोचायच्या सुया वेगळ्या ओळीत. स्ट्रिप्स मिळतात आणि सुया राहून जातात, असं फार वेळा होतं. डायलिसिस चालू असेल किंवा अ‍ॅनिमिया असेल तर तेही याच वेळी सांगा, काही स्ट्रिप्स त्यामुळे चुकीचा आकडा दाखवतात.

डबी हातात आली की सील आणि मुदत पाहा. कुणाच्या उरलेल्या, ओळखीतून स्वस्तात आलेल्या डब्या घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये यावर लोकांना सावधही केलं होतं. स्ट्रिपच्या टोकाला जे एन्झाइम असतं ते दमट हवेने आणि उष्णतेने बिघडतं, आणि ती डबी आधी कुठे पडून होती हे आपल्याला कळत नाही. म्हणून घरीही स्ट्रिप काढली की झाकण लगेच 'टक्' वाजेपर्यंत दाबायचं. बाथरूममध्ये, गाडीत ठेवायची नाही. डबी उघडल्यावर किती महिन्यांत संपवायची हे वेष्टनावर असतं, काहींना तीनच महिने दिलेले असतात. तपासणी कमी असेल तर २५ ची डबी घ्या. मी उघडल्याची तारीख पेनाने डबीवर लिहितो.

सुयांचा गेज आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: ३३ गेज २८ पेक्षा बारीक. बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. बोट टोचायचं पेन घरातल्या माणसालाही देऊ नका. त्यातून हिपॅटायटिस बी पसरू शकतो.

कंट्रोल सोल्यूशनची, म्हणजे मीटर आणि स्ट्रिप नीट चालतात का हे तपासायच्या द्रावणाची, बाटली मात्र बहुतेक जण घेतच नाहीत. ती घ्या. आकडा विचित्र वाटला की स्ट्रिपला रक्ताऐवजी तिचा थेंब लावायचा आणि उत्तर स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतंय का बघायचं. त्याआधी हात धुवा. एकदा फळ सोलून तसंच बोट टोचलं आणि २१४ आले. साबणाने धुऊन, कोरडं करून परत टोचलं, तर १३२.

माझ्या डबीत १० स्ट्रिप्स उरल्या की मी नवी मागवतो, आणि आलेली नवी जुनीच्या मागे ठेवतो. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात टाकतो. तो पाऊण भरला की बंद करून, दवाखाना घेत असेल तर तिथे देऊन यायचा.