घरात कुत्रं आणण्याआधी: नाशिकच्या नव्या जोडप्यांसाठी तयारीची यादी

पट्टा, वाडगी, गादी ही खरेदी एका संध्याकाळी उरकते. कुत्रं घरी आणायची खरी तयारी त्याच्या आधीची, आणि ती दोघांनी मिळून करायची. लग्नाला वर्ष-दोन वर्षं झालीत, दोघंही कामावर जाता, घर भाड्याचं आहे किंवा हप्ते चालू आहेत, आणि आता एक पिल्लू हवंसं वाटतंय, अशा घरासाठी हे लिहितेय. आमची मिरी गावठी आहे, काळीभोर, पंजे तेवढे तपकिरी. तिच्यामुळे आमचं घर जास्त हसतं, पण ते जमून यायला आधी बऱ्याच गोष्टी ठरवाव्या लागल्या.

सगळ्यात आधी एकमेकांना विचारा की दोघांनाही हवंय ना. एकाला हवंय आणि दुसऱ्याने नुसतं 'बरं' म्हटलंय, असं असेल तर अजून थांबा. कुत्रं साधारण १० ते १५ वर्षं जगतं. तेवढ्यात नोकऱ्या बदलतील, कदाचित पुण्याला जावं लागेल, घरात मूल येईल. मुलाचा विषय तर आत्ताच बोलून घ्या, कारण मूल झालं की कुत्रं गावी सोडून देणारी घरं मी पाहिली आहेत आणि त्या जनावराची काय दशा होते तेही पाहिलंय. घरातल्या मावशी-काकू 'दिवस राहिले की कुत्र्याचा आजार बाळाला होतो' असं हमखास सांगतील. त्यांच्या मनात असतो तो टॉक्सोप्लाझ्मा, आणि त्याचे जंतू मांजराच्या विष्ठेतून पसरतात, कुत्र्याच्या नाही. कुत्र्याच्या बाबतीत सांभाळायचं ते जंतांचं औषध, लसी आणि हात धुणं. हे दोघांनाही नीट माहीत असलं म्हणजे पुढे कुणी काही बोललं तरी घरात वाद होत नाही.

मग वेळापत्रक. दोघांपैकी एक जण सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत असेल तर शिफ्ट आलीच. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सकाळी कोण फिरवणार, थर्डच्या आठवड्यात रात्री कोण, हे कागदावर लिहा आणि फ्रीजवर लावा. पिल्लाला लघवी धरून ठेवणं जमत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास, त्याहून जास्त नाही. म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू आठ तास एकटं कोंडून ठेवता येत नाही. दुपारी घरी येणारं कुणी नसेल, शेजारच्या काकूंकडे किल्ली देता येत नसेल, तर पिल्लाऐवजी दीड-दोन वर्षांचं मोठं कुत्रं दत्तक घ्या. ते शिकलेलं असतं, दमाने राहतं, आणि अशा मोठ्या कुत्र्यांना घर फार कमी वेळा मिळतं. पिल्लूच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. तेवढ्या लहान पिल्लाच्या विक्रीला नियमाने बंदी आहे, आणि चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आईपाशी, भावंडांपाशीच शिकतं.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण नाशिकच्या घरात जी दोन पिकं हमखास असतात तीच दोन्ही कुत्र्याला विष आहेत. द्राक्षं आणि कांदा. फेब्रुवारीत दिंडोरीहून, निफाडहून नातेवाइकांच्या बागेतली द्राक्षं येतात आणि पेटी दाराशी जमिनीवर ठेवायची आपली पद्धत आहे. येता-जाता जो तो एक घड उचलतो, चार मणी खाली घरंगळतात, सोफ्याखाली जातात. कुत्र्याच्या घरात पेटी ओट्यावर गेली पाहिजे, आणि घड ताटलीत घेऊन टेबलाशी बसून खायचा. द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. किती मणी चालतात असं काही प्रमाण नाही. एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोड्याशाने होतं, म्हणून एकही नको. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं अलीकडे मानलं जातं. बेदाणे आणि मनुके तर आणखी वाईट, कारण सुकल्यावर तेच सगळं छोट्या दाण्यात एकवटतं. म्हणजे सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा, खिरीतला बेदाणा, चिवड्यातला बेदाणा, सगळं आलं. प्रसाद म्हणून प्रेमाने कुत्र्याला भरवणारे पाहुणे असतात. त्यांना दारातच हात जोडून सांगा.

कांद्याचं तसंच. उन्हाळ कांद्याची गोणी घेऊन बाल्कनीत किंवा पलंगाखाली पसरून ठेवणं हे इथल्या घराघरात चालतं. पिल्लाच्या दृष्टीने ते चेंडूच. कांद्यातल्या गंधकाच्या संयुगांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. वजनाच्या ०.५ टक्के कांदाही एका वेळी बाधू शकतो, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, साधा एक लहान कांदा. शिजवला, तळला, वाळवला तरी गुण जात नाही. त्यामुळे रविवारच्या मिसळीचा रस्सा, कांदाभजी, रस्सा माखलेली चपाती, थालीपिठाचा तुकडा, काही म्हणजे काही द्यायचं नाही. लसूणही त्याच जातीचा. कांद्याचा त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर कांदा खाल्ल्याचं घरात कुणाला आठवतही नसतं. गोणी उंच रॅकवर टांगा किंवा झाकणाच्या पेटाऱ्यात ठेवा. गावी गेलात तर कांद्याच्या चाळीत उंदरांचं औषध टाकलंय का, हे उतरल्या उतरल्या विचारा.

खाल्लंच तर काय, हेही आत्ताच ठरवून ठेवायचं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. काय खाल्लं, किती, किती वाजता, हे सांगत सरळ डॉक्टरांना फोन करा आणि निघा. द्राक्षांच्या बाबतीत पहिले काही तास फार मोलाचे असतात. घरातली तापाची, अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही त्याला घातक आहेत. चॉकलेटही या यादीत आहेच, पण ते बहुतेकांना माहीत असतं.

त्यासाठी डॉक्टर कुत्रं येण्याआधी शोधलेले हवेत. आणि ते गोदावरीच्या आपल्या बाजूचे असावेत, असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढलं, की खालचे पूल बुडतात आणि उरलेल्या पुलांवर गर्दी तुंबते. २०२७ मध्ये सिंहस्थाच्या पर्वण्यांना तर पंचवटीकडे वाहन नेता येईल असं धरूच नका. इंदिरानगरला राहता तर सिडको-इंदिरानगरमधला दवाखाना, पंचवटीत राहता तर नदीपलीकडे न जाता मिळणारा. रात्री कोण बघतं, एक्स-रे आणि रक्ततपासणी कुठे होते, हे आधी जाऊन विचारून या आणि दोन्ही फोनमध्ये नंबर साठवा.

लसींचं गणित सोपं आहे. पार्वो, डिस्टेंपर वगैरे आजारांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, असं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांना, आणि नंतर डॉक्टर सांगतील त्या तारखेला न चुकता. लेप्टोची लस मुद्दाम मागून घ्या. उंदरांच्या मुतातून आणि साचलेल्या पाण्यातून तो आजार येतो आणि आपल्याकडे पावसाळ्यात पाणी कुठे ना कुठे साचतंच. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला मैदानात, जॉगिंग ट्रॅकवर खाली सोडू नका, कारण पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका. कडेवर घेऊन कॉलेज रोडला एक फेरी मारा. रिक्षा, हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, सगळं त्याच्या कानांवर या वयातच पडलं पाहिजे.

कागदपत्रांत दोन गोष्टी. घर भाड्याचं असेल तर अकरा महिन्यांच्या करारात 'कुत्रं पाळण्यास हरकत नाही' ही ओळ लिहून घ्या. घरमालकांच्या तोंडी 'हो'वर विसंबू नका. सोसायटीचं वेगळं. प्राणी पाळायला सरसकट बंदी घालण्याचा किंवा कुत्र्याला लिफ्टमध्ये मनाई करण्याचा ठराव सोसायटीला करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. तरी हे कागद हातात नाचवत जाऊ नका. आधी वरच्या-खालच्या मजल्यावर जाऊन 'आम्ही कुत्रं आणतोय, त्रास झाला तर आम्हाला सांगा' एवढं बोलून या. लिफ्टमध्ये एखादे आजोबा घाबरत असतील तर पुढची लिफ्ट घ्या. शी उचलायला पिशवी खिशात असलीच पाहिजे. महापालिकेच्या परवान्याचं काम रेबीजचा दाखला मिळाला की लगेच उरकून टाका.

घरच्यांशी बोलणं हीसुद्धा तयारीच. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सणावाराला येतात तेव्हा देवघरात मिरी जाणार नाही, हे आम्ही आधीच ठरवलं आणि दाराला लाकडी जाळीचं फाटक बसवलं. आता त्याच फाटकापलीकडून तिला 'बस गं बाई' म्हणतात आणि ती बसते. घर शाकाहारी असेल तर अंडं, चिकन शिजणार की नाही, वेगळं भांडं, वेगळी शेगडी लागणार का, हे नवरा-बायकोने आधीच मिटवायचं. नुसत्या दूध-चपातीवर कुत्रं पोसत नाही, त्याला प्रथिनं लागतातच. घरी काहीच जमत नसेल तर चांगलं ड्राय फूड आणा. शिजवलेलं हाड मात्र द्यायचं नाही. त्याची टोकदार शकलं होतात आणि आतडं फाडतात.

ऋतूंचं थोडं. पावसाळा ओसरला की गोचीड. रोज रात्री टीव्ही बघताना कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली हात फिरवा. आमच्याकडे हे काम नवऱ्याचं आहे. मिरी आपणहून पंजा त्याच्या मांडीवर ठेवते आणि तो एकेक बोट फाकवून बघतो. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, नखाने चिरडायची नाही, रॉकेल लावायचं नाही. गोचीड तापात प्लेटलेट्स झपाट्याने उतरतात. दोन वेळा जेवण टाकलं आणि अंग तापलेलं लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर हाताची पालथी बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर कुत्र्याचे पंजेही भाजतील. निफाडकडचा गारठा शहरातही येतो, तेव्हा थंडीत फरशीवर गोणपाट किंवा जुनी गोधडी हवी.

दिवाळीआधी पट्ट्याला दोघांचे फोन नंबर असलेला बिल्ला लावा. फटाक्यांच्या भीतीने पळालेलं कुत्रं मैलभर लांब जातं आणि त्याला परत येता येत नाही. लक्ष्मीपूजनाला दिवे लागायच्या आत फिरवून आणायचं, मग खिडक्या लावून आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही सुरू, आणि दोघांपैकी एकाने तिथेच बसायचं. आपल्याकडे रंग रंगपंचमीला असतो, रहाडींचा, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदांचा, जल्लोष दिवसभर चालतो. त्या दिवशी कुत्रं घरात. रंग अंगाला लागला की ते चाटतं.

गावी, लग्नाला, फिरायला जाताना कुत्र्याला कुठे ठेवणार, याचं उत्तर आज द्या, तिकीट काढताना नाही. ज्यांच्याकडे ठेवायचं त्यांच्याकडे एक रात्र आधी राहवून बघा. गाडीने मुंबईला नेत असाल तर निघण्यापूर्वी दोन-तीन तास काही खायला घालू नका, कसाऱ्याच्या वळणांवर उलटी ठरलेली. रेल्वेने न्यायचं तर नाशिक रोडवरून फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यात. स्लीपर आणि थर्ड एसीत परवानगी नाही.

शेवटी रजा. दोघांनी एकदम आठवडाभर रजा टाकू नका, एकाने पहिला आठवडा, दुसऱ्याने दुसरा. या पंधरवड्यात एकटं राहायची सवय लावायची. आधी दार ओढून पाच मिनिटं जिन्यात थांबा, मग पंधरा, मग किराणा आणण्याइतका वेळ. शब्द दोघांचे सारखे हवेत. एकाने 'बस' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'खाली' म्हणायचं, असं झालं तर पिल्लू गोंधळतं. पहिल्या रात्री ते रडेल. त्याची गादी तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडून झोपा, चार-पाच रात्रींत थांबतं. नातेवाइकांना मात्र तिसऱ्या आठवड्यात बोलवा, तेही एका वेळी दोघा-चौघांना.