रोल-प्लेने केस शिकवताय? या चुका टाळा

रत्नागिरीत कॉलेजवर बरीच वर्षं केस स्टडी, म्हणजे खऱ्या प्रसंगावर चर्चा घडवून, शिकवतेय आणि दरवर्षी नव्याने लागलेले शिक्षक तेच करतात, मुलांना भूमिका वाटतात, तास संपेपर्यंत भांडायला लावतात आणि बेल झाली की "छान झालं हं" म्हणून मोकळे. अहो मग चर्चा कधी? ते स्नेहसंमेलनातलं नाटक झालं, केस शिकवली कुठे?

हे मी स्वतः भोगलंय. पर्ससीन (बोटीतून मासळीचा थवा घेरणारं मोठं जाळं) विरुद्ध रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं पारंपरिक जाळं) अशी केस घेतली होती. राज्य सरकारच्या 2016 च्या आदेशानंतर पर्ससीनच्या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने राहिले, त्यावरचे वाद पोरं घरी ऐकतच वाढलीत, म्हटलं रंगेल. म्हणून ज्याच्या घरी पर्ससीनची बोट त्यालाच बोटमालक केलं आणि जिच्या घरचे खरंच रापण ओढतात तिला रापणकार. सुरुवातीला ती "तुम्ही मालक लोक" म्हणत होती, मग एकदम "तुझ्या पप्पांनी सगळा बांगडा तिकडेच उचलला" झालं. वर्ग चिडीचूप. तेवढ्यात बेल झाली आणि मी तसंच सोडलं. पुढे कितीतरी दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हती.

तेव्हापासून भूमिका उलट्या देते. बोटवाल्याचा मुलगा रापणकार, नाहीतर परवाना अधिकारी, नाहीतर लिलावात मासळी घेणारी बाई. प्रत्येकाला भूमिकेची चिठ्ठी देते, तिच्यावर तीनच गोष्टी, तुला काय हवंय, काय सोडणार नाहीस, आणि तुला एकट्यालाच काय माहितीय. आणि "तुम्ही"चं "तुझ्या पप्पांनी" झालं की तिथल्या तिथे थांबवायचं. 48 मिनिटांच्या तासात रोल-प्लेला 15 मिनिटं बास. मग चिठ्ठ्या टेबलावर, प्रत्येकाने आपलं खरं नाव सांगायचं, त्या माणसाच्या जागी उभं राहून काय वाटलं ते बोलायचं, त्यानंतरच कोण बरोबर यावर चर्चा.

गटचर्चेत दहा जणांचा गट करू नका, पाच पुरे. दरवेळी त्याच हुशार पोराला गटप्रमुख करू नका. गट अडला की लगेच उत्तर सांगायला धावू नका, दोन मिनिटं गप्प बसा, जड जातं पण बसा.

केस आदल्या दिवशी वाटा, वर्गात वाचत बसले की अर्धा तास तिथेच जातो.

आणि नेटवरून चाळीस पानी केस उतरवून आणायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. हार्वर्डची 1921 मधली पहिली केससुद्धा एका बूट कंपनीतल्या साध्या अडचणीवरच होती. जेटीवर एक सकाळ काढा, बर्फाचा भाव आणि डिझेलचा खर्च विचारा, दोन पानांची केस तिथेच मिळते.