ट्रेनिंग व्हिडिओ बनवताय? मग या चुका टाळा

ऑफिसमध्ये ट्रेनिंग व्हिडिओ करायचं ठरलं की पहिली चर्चा कॅमेऱ्याची होते आणि घोडं तिथेच पेंड खातं. आधी हे ठरवा ना, की व्हिडिओ बघून झाल्यावर माणसाला नेमकं काय करता आलं पाहिजे? ‘प्रिंटरची माहिती’ असा विषय घेतला की वीस मिनिटांचं भाषण तयार होतं, ‘अडकलेला कागद कसा काढायचा’ घेतलं की तीन मिनिटांत काम होतं. एका व्हिडिओत एकच काम, बस.

दुसरी चूक म्हणजे स्लाईडवर सगळा मजकूर टाकायचा आणि तोच वाचून दाखवायचा. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच संशोधन केलंय, चित्र आणि आवाज असताना वर तेच शब्द स्क्रीनवर आले तर बहुतेक वेळा शिकणं सुधारत नाही, उलट लक्ष विभागतं. सबटायटल्स मात्र द्या, ज्यांना ऐकू येत नाही किंवा जे गोंगाटात बसून बघतात त्यांना ती लागतातच.

हाताने करायचं काम समोरून शूट करू नका. बघणाऱ्याला डावं-उजवं उलटं दिसतं आणि तो बिचारा स्क्रू भलत्याच बाजूचा उघडतो. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून किंवा डोक्यावरून लावा.

आता आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक चालवून घेतात, पण घुमणारा आवाज दोन मिनिटंसुद्धा सहन होत नाही. काचेच्या मीटिंग रूममध्ये लॅपटॉपच्या माईकवर रेकॉर्ड केलं की घुमणारच, आणि तो एको नंतर सॉफ्टवेअरने धड जात नाही, त्यामुळे पडदे-कार्पेटवाली लहान खोली बघा, माईक तोंडापासून वीतभर ठेवा, एसी-पंखा बंद करा आणि बोलण्याआधी दहा सेकंद गप्प बसून रेकॉर्डिंग चालू ठेवा. ऑडासिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉईज रिडक्शन (मागची खरखर कमी) करताना हाच तुकडा सॅम्पल म्हणून लागतो.

सुरुवातीला आवाज बरोबर आणि पुढे पुढे ओठांशी जुळतच नाही, असं होतंय? मोबाईल आणि बरेच स्क्रीन रेकॉर्डर व्हेरिएबल फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात, म्हणजे दर सेकंदाला चित्रांची संख्या कमी-जास्त होत राहते, काही एडिटर त्यात गडबडतात. फाईल आधी हँडब्रेकमध्ये कॉन्स्टंट (एकसारख्या) फ्रेम रेटला बदला, हे सॉफ्टवेअर फुकट आहे, मग एडिटिंगला घ्या.

स्क्रीन रेकॉर्डिंगच्या आधी नोटिफिकेशन बंद! आणि खऱ्या ग्राहकाचा डेटा नको, डमी अकाउंट वापरा. प्रत्येक स्टेपची क्लिप वेगळी ठेवा आणि प्रोजेक्ट फाईल जपा, नाहीतर उद्या अपडेटमध्ये एक बटण हललं की अख्खा व्हिडिओ पुन्हा करत बसाल.

सगळ्यांना पाठवायच्या आधी एखाद्या नवख्या माणसाला व्हिडिओ लावून ते काम करायला सांगा, साहेबांना दाखवून फक्त ‘छान झालाय’ एवढंच ऐकायला मिळतं. मध्ये बोलू नका, मदत करू नका, तो जिथे व्हिडिओ थांबवून मागे नेतो ती जागा लिहून घ्या. तिथे बहुतेक एखादी स्टेप राहिलेली असते.