तांब्याच्या पाइपाला बाक देताना

कोकणातल्या घरात पूर्वी तांब्याशी संबंध यायचा तो न्हाणीतल्या बंबापुरता. आता गच्चीवरचा सोलर, गॅस गीझर आणि एसी यांच्या निमित्ताने तांब्याचा पाइप गावोगाव पोचला आहे, आणि कोपरा आला की एल्बो लावून मोकळे होण्याची सवयही त्याबरोबर आली आहे. एल्बो लावण्यात गैर काही नाही. परंतु प्रत्येक एल्बोमागे दोन सांधे वाढतात, आणि चिऱ्याच्या भिंतीत गाडलेला सांधा पाझरू लागला तर तो शोधण्यासाठी किती गिलावा फोडावा लागतो, हे ज्याने एकदा फोडला आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून जागा असेल तिथे पाइपच वाकवावा, आणि त्यासाठी आधी तांब्याचा स्वभाव समजून घ्यावा.

तांबे वाकवले की त्या जागी ते कडक होते. मऊ पाइप पहिल्यांदा मुकाट्याने वळतो. तोच सरळ करून पुन्हा वाकवू लागल्यास हाताला विरोध जाणवतो, आणि तिसऱ्या खेपेस तो चुरगळतो किंवा बाहेरच्या अंगाला तडकतो. त्यामुळे बाक कुठे सुरू होणार, कुठे संपणार आणि कोणत्या दिशेला जाणार हे पाइपला हात लावण्यापूर्वी ठरलेले असावे. वेटोळ्यात मिळणारा पाइप मऊ असतो व तो तसाच वाकवता येतो. सरळ लांबीत मिळणारा पाइप कडक किंवा अर्धा कडक असतो. अर्धा कडक पाइप चांगल्या बेंडरमध्ये, म्हणजे पाइप वाकवण्याच्या साच्याच्या हत्यारात, वळतो. पूर्ण कडक पाइप मात्र तापवून मऊ केल्याशिवाय वाकवण्याच्या भानगडीत पडू नये.

तापवण्याची रीत सोपी आहे, पण ती सावलीत करावी. बाकाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटीमीटर जास्त धरून खडूने खुणा कराव्यात आणि ब्लोटॉर्चची ज्योत सतत फिरती ठेवून तेवढाच भाग तापवावा. तांबे आधी काळवंडते, त्यावर इंद्रधनुषी छटा सरकत जातात, आणि ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर मंद लाली दिसू लागते. इथेच थांबायचे असते. भर दुपारी उघड्या गच्चीवर ही मंद लाली डोळ्यांना दिसतच नाही. आपण ‘अजून तापला नाही’ म्हणून ज्योत धरून राहतो आणि पाइप नको तितका तापतो. तांबे १०८५ अंशांना वितळते, त्यामुळे तो लगेच वितळेल असे नाही, पण अतितापाने त्याचे कण जाड होतात आणि वाकवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. सुरुवातीला मी गच्चीवर काम करताना असे दोन तुकडे वाया घालवले आणि मग निमूटपणे सगळा पसारा पडवीत हलवला.

लाली दिसल्यावर पाइप पाण्यात बुडवला तरी चालतो, हवेत गार होऊ दिला तरी चालतो. कोयतीला पाणी देताना पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटते, कारण लोखंडातले पोलाद लाल असताना पाण्यात घातले की कडक होते. तांब्याचे तसे नाही. ते दोन्ही प्रकारे सारखेच मऊ राहते, आणि पाण्यात बुडवल्यास वरची काळी पापडी बरीचशी गळून पडते, एवढाच फरक. जिथे पुढे फिटिंग बसवायचे आहे ते टोक मात्र तापवू नये, कारण मऊ टोक नट आवळताना दबते.

आता मापाकडे वळू. काटकोनी बाकाची लांबी मध्यरेषेच्या त्रिज्येच्या १.५७ पट असते. १५ मिलिमीटरचा पाइप, तो चपटा होऊ नये म्हणून आत स्प्रिंग घालून, हाताने वाकवताना त्रिज्या बाहेरील व्यासाच्या पाचपट, म्हणजे ७५ मिलिमीटर धरावी. त्याहून आवळ बाक हाताने नीट येत नाही. समजा कोपऱ्यापासून एका बाजूला ३०० आणि दुसऱ्या बाजूला २०० मिलिमीटर पाइप हवा आहे, दोन्ही मापे मध्यरेषेवर घेतलेली. बाक पहिल्या टोकापासून ३०० वजा ७५ म्हणजे २२५ वर सुरू होईल, ११८ मिलिमीटर चालेल आणि ३४३ वर संपेल. पुढे १२५ मिलिमीटर सरळ भाग उरेल. एकूण पाइप ४६८ मिलिमीटर लागेल, ५०० नव्हे. नवा माणूस बहुधा ५०० कापतो आणि नंतर उरलेला तुकडा कुठून आला याचा विचार करत बसतो. तरीही प्रत्येकाच्या हाताची त्रिज्या थोडी वेगळी येते, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक बाक देऊन मोजून पाहावे आणि प्रत्यक्ष कामात पाइप थोडा लांब ठेवून बाक दिल्यानंतर कापावा.

स्प्रिंग पाइपच्या आतील व्यासात सैल न खेळता सरकणारी असावी. बाहेरचा व्यास तोच असला तरी पत्र्याची जाडी बदलली की आतला व्यास बदलतो, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. पाइप कापल्यावर आतली धारदार कोर रीमरने काढून टाकावी, स्प्रिंगला खोबरेल तेलाचा हात पुसावा आणि तिच्या कडीला मजबूत दोरी बांधून ती बाकाच्या मध्यापर्यंत सरकवावी. मग पाइप गुडघ्याला टेकवून दोन्ही हातांनी सावकाश, न थांबता स्वतःकडे ओढावा, आणि ओढता ओढता गुडघा किंचित सरकवत राहावे, म्हणजे वाक एकाच जागी न साचता सगळीकडे पसरतो. आतल्या अंगाला सुरकुती दिसू लागली तर तिथेच थांबावे. जोर लावून ती जात नाही, वाढते.

काटकोन हवा असेल तर दोन-तीन अंश जास्त वाकवून हलकेच मागे आणावे. त्याने तांबे स्वतःहून मागे येते त्याची भरपाई होते आणि आत अडकलेली स्प्रिंगही सैल होते. स्प्रिंग सरळ ओढू नये. ज्या दिशेने फिरवल्यावर तिचे वेटोळे आवळते त्या दिशेने पीळ देत ओढावी. मी एकदा घाईत नुसतीच ओढली. दोरी तुटली, स्प्रिंग बाकात रुतली आणि शेवटी पाइप कापून ती सोडवावी लागली. पिण्याच्या पाण्याची लाइन असेल तर नंतर गरम पाण्याने तेल धुऊन काढावे.

बरेच बाक द्यायचे असतील, किंवा पाइप २२ मिलिमीटरचा असेल, तर हँड बेंडरच घ्यावा. त्याचा साचा पाइपच्या मापाचाच असावा. सुतातल्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) साच्यात मिलिमीटरचा पाइप बसवला की तो चपटा होतो.

वाळू भरून वाकवण्याची जुनी पद्धत मोठ्या पाइपला अजूनही उपयोगी पडते, पण किनाऱ्यावरची वाळू उचलून भरू नये. तिच्यात मीठ असते आणि आपल्या दमट हवेत ती कधी पूर्ण कोरडी नसते. बंद पाइपमधल्या ओलाव्याची तापवताना वाफ होते आणि बूच गोळीसारखे उडते. नदीची वाळू धुऊन, कढईत भाजून, मगच भरावी.

एसीच्या पाइपमध्ये तेल, वाळू किंवा आतली स्प्रिंग यांपैकी काहीही घालू नये, कारण आत राहिलेली घाण थेट कॉम्प्रेसरपर्यंत जाते. दोन, तीन, चार सुतांच्या त्या मऊ पाइपवर बाहेरून चढवण्याची स्प्रिंग मिळते. ती फ्लेअर करण्यापूर्वीच, म्हणजे पाइपचे टोक नरसाळ्यासारखे पसरवण्यापूर्वीच, चढवावी, कारण फ्लेअर झालेल्या टोकावरून ती सरकत नाही.

तयार पाइप भिंतीवर बसवताना लोखंडी क्लिप वापरू नये. खाऱ्या हवेत तांब्याला टेकलेले लोखंड भराभर गंजते आणि गंजाचे ओघळ भिंतीवर उतरतात. पितळी किंवा प्लास्टिकच्या क्लिपा घ्याव्यात, आणि बाकाच्या दोन्ही बाजूंना सरळ भागावर एकेक लावावी, प्रत्यक्ष बाकावर नाही. गरम पाण्याने पाइप लांबतो तेव्हा त्याला हलायला तेवढीच जागा असते.