हवामान ॲप बघून विमान उडवताय? मग या चुका टाळा

मोबाइलवर हवामान बघायला माझा विरोध नाही. मीही बघतो. डोक्यात जातं ते एक वाक्य: "सर, ॲप क्लिअर दाखवतंय." एवढं बोलून पोरं थेट विमानाकडे चालू लागतात. कुठलं ॲप, कधीची माहिती, कुठल्या ठिकाणची, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. मराठवाड्यातलं हवामान वर्षातले बरेच महिने इतकं सरळ असतं की ही सवय खपून जाते. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्यात मात्र ती अंगाशी येते.

झुलू वेळ आपली समजणं

ही चूक बघून बघून मी थकलोय. मेटार (विमानतळावरच्या आत्ताच्या हवामानाची नोंद) आणि टॅफ (तिथला पुढच्या काही तासांचा अंदाज) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. पायलट तिलाच झुलू किंवा झेड म्हणतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. ०२३० झेड म्हणजे आपले सकाळचे आठ. ग्राउंड क्लासमध्ये हे सुरुवातीलाच शिकवतात आणि पेपरात सगळ्यांना येतंही. घोळ होतो तो स्क्रीनवर. वरचा तासातासाचा अंदाज भारतीय वेळेत, खालचा मेटार यूटीसीत, आणि टॅफ एक ॲप वेळ बदलून दाखवतं तर दुसरं जसाच्या तसा.

एका मे महिन्यात लायसन्सची शाई न वाळलेला एक पोरगा नांदेडहून चिकलठाण्याला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर येणार होता. चिकलठाण्याच्या टॅफमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: टेम्पो (म्हणजे तात्पुरता बदल) ०५०९/०५१२, गडगडाटी पाऊस, सोबत जोराचे झोत. पहिले दोन आकडे तारखेचे, पुढचे दोन तासाचे. यानं वाचलं नऊ ते बारा. सकाळभर आभाळ निरभ्र. फोनवर मला म्हणाला, "सर, फोरकास्ट फेल गेला. जेवून निघतो." दीडच्या सुमारास त्यानं टेकऑफ घेतला.

०९०० झेड म्हणजे आपले दुपारचे अडीच. १२०० झेड म्हणजे साडेपाच. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, विमान शंभर नॉटचं, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरचं, समोरून पश्चिमेचा वारा. म्हणजे पठ्ठ्या बरोबर वादळाच्या वेळेला पोचणार होता. इकडे अडीचच्या पुढे दौलताबादच्या बाजूला काळं झालं. विंडसॉक आधी मरगळल्यासारखा लटकला, मग एकदम आडवा झाला आणि बघता बघता उलट्या दिशेला फिरला. मागून धुळीचा लोट आला आणि धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. तो तेव्हा जालन्याजवळ होता. समोर तपकिरी भिंत दिसली आणि टॉवरनं वाऱ्याचे आकडे सांगितले, तशी त्यानं मान फिरवली ती थेट नांदेडकडे. टाक्या भरून निघाला होता आणि परतताना वारा पाठीमागून मिळाला, म्हणून निभावलं. संध्याकाळी त्याचा फोन, "सर, ॲप बोगस आहे." मी स्क्रीनशॉट मागवला. टॅफ अगदी बरोबर होता.

माझी पद्धत जुनाट आहे. मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलीनं दोन रकाने पाडतो, एक झेडचा, एक आपल्या वेळेचा, आणि टॅफमधला प्रत्येक बदल दोन्हीकडे लिहितो. पोरं हसतात, "सर, सेटिंगमध्ये करता येतं की." येतं ना. ॲप अपडेट झालं की ते सेटिंग कधी कधी मूळपदावरही येतं. हातानं लिहायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढीही ज्याला जड वाटतात, त्यानं जमिनीवरच राहावं.

रंगीत नकाशाला खरं आभाळ समजणं

विंडीसारख्या ॲपवरचे वाहते रंग बघायला झकास वाटतात. पण तो फोटो नाही, गणित आहे. युरोपियन मॉडेल जमिनीचे साधारण ९ किलोमीटरचे चौकोन पाडून हिशेब करतं, अमेरिकेच्या जीएफएस मॉडेलचे चौकोन त्याहून मोठे. आपला वळवाचा ढग काही किलोमीटरचा. पैठणला झोडपतो आणि बिडकीनला नुसती धूळ उडवतो. असा ढग नेमका कुठल्या शिवारावर फुटेल, हे त्या चौकोनातून कळायचं नाही. शिवाय पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरचा हिशेब फोनवर यायला दुपार उजाडते. सकाळी नऊला तुम्ही जे बघत असता, ते बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या किंवा संध्याकाळच्या निरीक्षणांवर बेतलेलं असतं. नकाशाच्या कोपऱ्यात रनची, म्हणजे हिशेब कधीच्या निरीक्षणांवरचा आहे ती वेळ असते, ती वाचणारा पायलट मला क्वचित भेटतो.

'रडार'चं बटण तर आणखी फसवं. कित्येक जागतिक ॲपमध्ये आपल्या भागात त्या बटणाखाली उपग्रहाचं चित्र किंवा मॉडेलचाच पाऊस असतो. हवामान खात्याचं खरं रडार उघडलं, तरी अंतराचं भान ठेवा. हैदराबादच्या रडारची सगळ्यात खालची किरणरेषासुद्धा नांदेडवर येईपर्यंत पाच किलोमीटर उंचीवर गेलेली असते. तिच्या खाली काय शिजतंय, ते त्या चित्रात उमटत नाही. रडार कोरं म्हणजे आभाळ कोरं, हा हिशेब इथे चालत नाही.

मी काय करतो? इन्सॅट उपग्रहाची लागोपाठची तीन-चार चित्रं बघतो. ढग वाढतोय की विरतोय, हे त्यातून कळतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनमध्ये ठेवलंय. ते विजा कुठे पडल्या ते दाखवतं, म्हणजे तिथे ढग आधीच उभा आहे. मग ब्रीफिंग घेतो आणि ड्युटीवरच्या हवामान अधिकाऱ्याशी बोलतो. ते शांतपणे सांगतात. विचारायला लाज कसली? आणि एप्रिल-मेमध्ये शक्यतो सकाळी दहाच्या आत चाकं जमिनीला लागतील असाच बेत करतो.

जवळच्या स्टेशनचा आकडा आपला मानणं

छोट्या धावपट्टीचा मेटार नसला, की काही ॲप गुपचूप जवळच्या स्टेशनचा दाखवतात. धाराशिवला जायचंय आणि स्क्रीनवर सोलापूर आहे असं समजा. ढगांचा पाया १५०० फूट, वाचून जीव निवांत. पण तो आकडा सोलापूरच्या विमानतळापासून मोजलेला आहे. धाराशिव बालाघाटाच्या पठारावर, सोलापूरपेक्षा सुमारे ६०० फूट उंच. ढगाची पातळी तीच राहिली, तर धाराशिवच्या धावपट्टीवर तुमच्या हाती उरतात जेमतेम ९०० फूट. तुळजापूरच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात ढग कसे टेकलेले असतात, ते एसटीनं गेलेल्यालाही ठाऊक असतं. स्टेशनचा चार अक्षरी कोड वाचल्याशिवाय त्याखालचा एकही आकडा मी वाचत नाही.

यातलाच एक विनोदी प्रकार: सर्चमध्ये 'औरंगाबाद' टाकून बिहारच्या औरंगाबादचं हवामान बघणं. छत्रपती संभाजीनगर हे नवीन नाव टाकलं तर काही ॲपना ते सापडतच नाही. चिकलठाण्याचा कोड व्हीएएयू टाका, विषय संपला.

बाकीच्या, थोडक्यात

वाऱ्याचं एकक तपासा. ॲपमधले २८ म्हणजे ताशी किलोमीटर असतील तर १५ नॉट, आणि नॉटच असतील तर लहान विमानानं त्या आडव्या वाऱ्यात उतरायला जाऊ नये.

तापमान फक्त घामासाठी बघू नका. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर आहे. ४२ अंशांच्या दुपारी तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची, साडेपाच हजार फुटांच्या वर जाते. 'फील्स लाइक' विमानाला लागू नाही.

हिवाळ्यात पहाटे तापमान आणि दवबिंदू यांत एक-दोन अंशांचाच फरक दिसला, तर नाथसागराच्या किंवा गोदाकाठच्या बाजूला धुकं आहे असंच धरून चाला, ॲपवर हसरा सूर्य असला तरी. व्हीएफआरला, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडायला, ५ किलोमीटर दृश्यमानता लागते आणि ती सूर्याकडे तोंड करून उतरताना मोजायची असते.

क्यूएनएच, म्हणजे उंची दाखवणाऱ्या ऑल्टिमीटरवर लावायचा हवेचा दाब, टॉवरकडूनच घ्यायचा. ॲपमधला दाब ऑल्टिमीटरवर लावणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

व्हॉट्सॲपवर आलेल्या स्क्रीनशॉटवरून निर्णय घेऊ नका. तो कधी काढलाय, हे पाठवणाऱ्यालाही आठवत नसतं.

चार ॲप ठेवून, त्यातलं जे 'जा' म्हणेल तेच खरं मानणारे पायलट आहेत. माझा नियम उलटा: जे 'नको' म्हणतंय ते का म्हणतंय, याचं उत्तर मिळेपर्यंत चहा.

वर गेल्यावर नेटवर्क तुटतं आणि ॲप शेवटचं साठवलेलं चित्र दाखवत राहतं. ते बिनधास्त ताजं दिसतं, म्हणून 'अपडेटेड'ची वेळ बघा. उन्हाळ्यात काचेखाली लावलेला फोन तापून बंदही पडतो. त्याला सावलीत ठेवा आणि पर्यायी विमानतळाचं हवामान निघण्याआधीच कागदावर उतरवून घ्या.